यादी दिसते, मोजता येत नाही



पीक विम्याची यादी लागली. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली. कर्जमाफीची यादी लागली. गेली काही वर्षे आपल्या गावांत सणांपेक्षा याद्याच जास्त येतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटतो, कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढून गावभर पाठवतो आणि जो तो बोट फिरवत आपले नाव शोधतो. सापडले तर घरी जायचे, नाही सापडले तर तहसीलला. यादीशी आपला संबंध एवढाच.

खरे प्रश्न त्यापुढे सुरू होतात. गावात खातेदार किती आणि यादीत किती? हेक्टरी रक्कम सगळ्यांना सारखी लागली का? शिरपूरच्या मंडळाला किती आणि मेडशीच्या मंडळाला किती? गेल्या वर्षी ज्यांना मिळाले नाही त्यांतल्या किती जणांना यंदाही मिळाले नाही? या प्रश्नांची उत्तरे त्याच यादीत आहेत. पण ती काढायची तर यादी मोजता आली पाहिजे, लावता आली पाहिजे, दुसऱ्या यादीशी ताडून पाहता आली पाहिजे. फोटोतल्या यादीची बेरीज होत नाही. शिक्का मारून, तिरकी ठेवून, यंत्रावर छापून काढलेल्या पीडीएफचीही होत नाही. यादी दिसते, मोजता येत नाही. आणि ज्याला मोजता येत नाही त्याला भांडता येत नाही.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही एकच मुद्दा मांडत आहोत. संघटनेने यापुढे सरकारकडे, बँकांकडे आणि विमा कंपन्यांकडे केवळ यादी मागू नये. ज्या तक्त्यातून ती यादी छापली तो तक्ताच, संगणकावर उघडून मोजता येईल अशा फाइलमध्ये मागावा. आणि आपण गावोगाव जी माहिती गोळा करतो तीही तशाच फाइलमध्ये, न बिघडता, ठेवायला शिकावे.

वही कोणाच्या हातात

कोणी म्हणेल, हे संगणकवाल्या पोरांचे काम, आंदोलनाशी त्याचा काय संबंध? संबंध जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख कशावर होता? कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. ते कागद त्यांनी जाळले. वाचता न येणाऱ्या माणसालाही एवढे कळत होते की आपल्याला बांधून ठेवणारी दोरी त्या वहीत आहे. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावी लागेल, अशा तरतुदी त्यात आल्या. म्हणजे मोठ्या दंग्यानंतर शेतकऱ्याला काय मिळाले, तर वहीची नक्कल मागण्याचा हक्क. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही लेखणी आणि दप्तर ज्याच्या हाती तो शेतकऱ्याला कसा नाडतो हेच सांगितले आहे.

आज वही सावकाराच्या गादीखाली नाही, संगणकात आहे. ती जाळता येत नाही आणि जाळायचीही नाही. तिची नक्कल मागायची आहे. पण नक्कल अशी हवी की तिचा हिशेब आपल्याला पुन्हा करून पाहता येईल.

शरद जोशींची गोष्टही इथे आठवते. शेतीत येण्यापूर्वी ते स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत माहिती सेवेच्या विभागाचे प्रमुख होते. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी शेतकऱ्याला भावनेपेक्षा हिशेबाने लढायला शिकवले. उत्पादन खर्च किती, हातात किती पडले, फरक कोणी खाल्ला. पुढे गॅटच्या वाटाघाटीत भारत सरकारनेच दिलेले १९८६ ते १९८९ या काळाचे आकडे घेऊन त्यांनी दाखवून दिले की शेतीमालावर इथे अनुदान नाही, उणे अनुदान आहे, म्हणजे शेतकऱ्याकडून उलट वसुली आहे. सरकारचाच कागद, सरकारचेच आकडे. फरक एवढाच की ते आकडे मोजणारा माणूस आपल्या बाजूचा होता. असे मोजणारे आता प्रत्येक तालुक्यात हवेत.

नाव कोणते, आकडा कोणता

मोजता येणारी फाइल म्हणजे काही जादू नाही. आडव्या ओळी आणि उभे रकाने. एका ओळीत एका खातेदाराची किंवा एका वावराची माहिती, एका रकान्यात एकाच प्रकारची गोष्ट. तक्त्याचा कोणताही प्रोग्राम वाचू शकेल अशी सगळ्यात साधी फाइल म्हणजे सीएसव्ही. तिच्यात दोन रकान्यांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम असतो. वहीत उभी रेघ मारतो तसा.

अडचण पुढे आहे. आपल्या प्रत्येक ओळीत दोन जातींची माहिती मिसळलेली असते. काही अक्षरे आणि काही आकडे. खातेदाराचे नाव, गाव, पीक ही अक्षरे. पेरा, उत्पन्न, रक्कम हे आकडे. इथपर्यंत सोपे. पण गट क्रमांक कोणत्या जातीचा? बँकेचा खाते क्रमांक? मोबाइल? आधार? दिसायला ते आकडे आहेत, पण त्यांची बेरीज कोणी करतो का? दोन शेजाऱ्यांच्या गट क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? तेव्हा कसोटी अशी लावावी: ज्याची बेरीज, वजाबाकी, सरासरी करायची नाही ते आकड्यांत लिहिलेले असले तरी नावच आहे. बैलाच्या शिंगावर क्रमांक डागला म्हणून बैल आकडा होत नाही.

संगणकाला ही कसोटी कळत नाही. त्याला सांगावी लागते. न सांगितले तर तो अंदाज करतो, आणि त्याचा अंदाज शेतकऱ्याच्या मुळावर येतो. कसा, ते पाहा.

गट क्रमांक १२/३. एक्सेलला वाटते ही तारीख आहे. तो रकान्यात १२ मार्च लिहून मोकळा होतो. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तोच गट ३ डिसेंबर होतो. पण गट क्रमांक ४५/२ तसाच राहतो, कारण ४५ तारीख कोणत्याच महिन्यात नसते. म्हणून वरवर पाहणाऱ्याला तक्ता बरोबर दिसतो. निम्मे गट शाबूत, निम्मे पंचांगात गेलेले. नंतर चूक लक्षात आली आणि रकाना अक्षरांचा केला तरी १२/३ परत येत नाही, तिथे एक भलताच पाच आकडी क्रमांक उभा राहतो.

बँकेचा खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्ये गळतात, कारण आकड्याच्या आधीच्या शून्याला किंमत नाही असे संगणक मानतो. क्रमांक १६ आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नेमका हिशेब ठेवतो. बारा आकडी क्रमांक १.२३४५७ई+११ असा काहीतरी दिसू लागतो, आणि त्याच अवस्थेत सीएसव्ही फाइल साठवली तर मागचे आकडे कायमचे जातात. मग पैसे खात्यावर जमा का झाले नाहीत म्हणून कास्तकार महिनाभर बँकेच्या पायऱ्या चढतो. खिडकीवरचा माणूस सांगतो, तुमचे खाते जुळत नाही. खाते जुळत होते. ते तक्त्यात बिघडले.

क्षेत्राची तऱ्हा आणखी वेगळी. १ हेक्टर ४० आर आपण १.४० लिहितो. संगणक शेवटचे शून्य उडवून १.४ दाखवतो. त्याच्या हिशेबाला काही बाध येत नाही. पण तो कागद पाहून कोणी हाताने दुसरा तक्ता भरू लागला की १.४ म्हणजे १ हेक्टर ४ आर असे वाचले जाते. ३६ आर वावर कागदावरून गेले. एकर चाळीस आरचा धरला तर नऊ दशांश एकर. आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन भागांत, मध्ये दोन टिंबे देऊन लिहिले तर तो आकडाच राहत नाही, बेरजेत धरला जात नाही.

तसेच एककाचे. उत्पन्नाच्या रकान्यात कोणी ७ लिहितो, कोणी '७ क्विंटल', कोणी 'अंदाजे ७'. पहिला आकडा झाला, दुसरे दोन अक्षरे झाली. बेरीज करताना संगणक अक्षरांना मुकाट्याने वगळतो, तक्रारसुद्धा करत नाही. तिघांचे मिळून २१ क्विंटल, बेरीज दाखवते ७. मराठी आकड्यांत टाइप केलेल्या रकमांचेही बहुतेक वेळा असेच होते, त्या अक्षरे म्हणून पडून राहतात. आपल्या पत्रिकेत मराठी आकडे असावेत हे बरोबरच आहे. पण मोजायच्या फाइलमध्ये इंग्रजी आकडे टाकावेत, छापताना मराठी करावेत.

स्वल्पविरामाचाही असाच घोळ. रक्कम १,२५,००० अशी लिहून सीएसव्ही केली तर ती तीन रकान्यांत फुटते आणि त्यापुढचा प्रत्येक रकाना सरकतो. मग विम्याच्या रकान्यात मोबाइल आणि मोबाइलच्या रकान्यात गाव. आणि नावे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळे गाव इंग्रजी अक्षरांच्या भुशासारखे दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलेले मराठी कोणत्याही संगणकावर मराठीच राहते, फक्त फाइल साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा लागतो.

शहाण्यांचेही होते

हे अडाण्यांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञांनी आखूड नावे दिली होती. त्यांत काहींची नावे मार्च-१, सप्ट-१ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करी. जगभरच्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत या चुका शिरल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली. प्रोग्राम बदलला नाही, जनुकाने नाव बदलले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी मोजणीतून आठवडाभर गळले. प्रयोगशाळांकडून आलेली साधी फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात भरत होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या वर जागा नसते. उरलेल्या ओळी गळून गेल्या आणि कोणाला कळले नाही.

जिथे प्रयोगशाळा आणि मंत्रालये आहेत तिथे हे झाले, तर आपल्याकडे कंत्राटी मुलगा रात्री दहा वाजता चाळीस गावांची माहिती एका तक्त्यात चिकटवत बसतो तिथे काय होत असेल? त्या मुलावर आमचा राग नाही. राग आहे तो तक्ता कोणालाही तपासू न देण्याच्या पद्धतीवर.

मालेगाव कोणते?

आपल्या जिल्ह्याला तर एक जास्तीचे संकट आहे. मालेगाव म्हटले की राज्यात लोकांना नाशिक जिल्ह्यातले मालेगाव आठवते. दोन्ही तालुके. तक्त्यात तालुक्याच्या रकान्यात नुसते 'मालेगाव' लिहिले आणि जिल्ह्याचा रकाना गाळला, तर तिकडचा कांदा आणि इकडची तूर एका पोत्यात. कारंजाचेही तसेच. एक आपले कारंजा लाड, दुसरे वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे. आपल्या तालुक्यातले शिरपूर घ्या, धुळे जिल्ह्यात शिरपूर नावाचा अख्खा तालुका आहे.

शिवाय वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीचे मालेगावचे पावसाचे, पेऱ्याचे, उत्पन्नाचे आकडे अकोला जिल्ह्याच्या तक्त्यांत आहेत. कोणी तीस-चाळीस वर्षांचा पऱ्हाटीचा आणि ज्वारीचा पेरा ताडून पाहायला बसला आणि 'वाशिम' एवढेच शोधले, तर त्याला वाटेल १९९८ पूर्वी इथे काही पिकतच नव्हते. आपल्या भागातली ज्वारी कशी आणि कधी हटली, सोयाबीनने किती वावरे घेतली, हे सांगणारी साखळी अशी मध्येच तुटते. उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीत जिल्हा, तालुका, मंडळ, गाव हे चार रकाने वेगवेगळे असावेत आणि गावाचा सरकारी संकेतांक नाव म्हणून, म्हणजे अक्षरांच्या रकान्यात असावा.

खातेदारांची नावेही जुळणीला निरुपयोगी आहेत. सातबाऱ्यावर किसन, पासबुकावर किसनराव, आधारवर कृष्णा. माणूस एकच. उलट एकाच गावात एकाच नावाचे तिघे असतात. म्हणून जुळवायचे तर खाते क्रमांकाने, आणि खाते क्रमांक न बिघडता राहिला तरच.

याची किंमत कोण मोजतो

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते. शेतकऱ्यांनी सेवा केंद्रांवर रांगा लावून अर्ज भरले. बँकांना प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली, पण अर्ज आणि बँकांचे रकाने यांचा मेळ बसेना. याद्या पुन्हा तपासायला घेतल्या, हिरवी यादी, तिच्यानंतर दुसरी यादी, असे महिनोन्महिने चालले. तिजोरीत पैसा आहे की नाही यावर सभागृहात भाषणे झाली. शेतकरी अडला होता तो ६६ रकान्यांत. आणि ते रकाने त्याला कधी दाखवले गेले नाहीत. आपल्या नावापुढे काय भरले आहे हे गावात बसून वाचता आले असते, तर निम्म्या चुका आठ दिवसांत चावडीवरच निघाल्या असत्या.

पीक विम्याचे पाहा. पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईचे गणित असे असते: उंबरठा उत्पन्नातून प्रत्यक्ष उत्पन्न वजा करायचे, आलेल्या तुटीला उंबरठा उत्पन्नाने भागायचे आणि विमा रकमेने गुणायचे. उंबरठा ठरतो मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. प्रत्यक्ष उत्पन्न ठरते मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल, प्रत्यक्ष उत्पन्न ७ क्विंटल आणि विमा रक्कम ५०,००० रुपये. तूट तीस टक्के, भरपाई हेक्टरी १५,००० रुपये. तेच प्रत्यक्ष उत्पन्न साडेसात धरले तर भरपाई १२,५००. अर्ध्या क्विंटलमागे हेक्टरी अडीच हजारांचा फरक, आणि तो मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला.

एक रुपयात विमा खरीप २०२३ मध्ये आला आणि खरीप २०२५ पासून बंद झाला. त्यानंतर कापसाला पाच टक्के आणि इतर खरीप पिकांना दोन टक्के हप्ता आपल्यावर आला, आणि भरपाईचा भर पीक कापणी प्रयोगांवर आला. हप्ता आपण भरायचा आणि प्रयोगाचा आकडा भिंतीवरच्या फोटोत पाहायचा, हे किती दिवस चालायचे? सात वर्षांचे मंडळवार उत्पन्न तक्त्याच्या फाइलमध्ये मिळाले, तर उंबरठा बरोबर काढला की नाही हे बारावी झालेली आपली मुलगी अर्ध्या तासात सांगेल.

हमीभावाचेही तेच. २०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये ठरवले. आमच्या कोरडवाहू वावरात हा भाव खर्चालाही पुरत नाही असे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. म्हणणे खरे आहे, पण म्हणण्याला तक्ता नाही. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचाई, घरच्यांची मजुरी, असा वावरागणिक खर्च जिल्ह्यातल्या पाचशे घरांतून एकाच पद्धतीच्या रकान्यांत भरून आणला, तर दिल्लीच्या आकड्यांसमोर आपला आकडा ठेवता येईल.

कार्यालयाची उत्तरे

फाइल मागितली की पहिले उत्तर ठरलेले: फाइल दिली तर तुम्ही आकडे बदलाल, म्हणून पीडीएफ देतो. याला आमचे उत्तर असे की दोन्ही द्या. सही-शिक्क्याचा कागद पुराव्यासाठी, तक्त्याची फाइल मोजण्यासाठी. आम्ही फाइलमध्ये काही बदलले तर तुमचा कागद आहेच.

दुसरे उत्तर: अशी फाइल देण्याची तरतूद नाही. तरतूद आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येतच संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क लिहिला आहे. कलम ७ (९) सांगते की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सामान्यतः द्यावी. कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल किंवा अभिलेखाला बाधा येत असेल तरच अपवाद. तयार तक्ता पाठवायला साधनसामग्री लागत नाही. उलट तो छापून, शिक्के मारून, पुन्हा छायाचित्र काढण्यातच ती जाते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातही सरकारी माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात खुली करावी असे म्हटले आहे. तेव्हा अर्जात नुसते 'माहिती द्यावी' असे लिहू नका. 'तक्त्याच्या मूळ फाइलमध्ये, एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात द्यावी' असे स्पष्ट लिहा. कागद हाती ठेवला तर पहिले अपील तीस दिवसांच्या आत करा.

तिसरे उत्तर: त्यात लोकांची खासगी माहिती आहे. हे उत्तर खोटे नाही. कोणाचा आधार क्रमांक, कोणाचे बँक खाते गावभर फिरावे असे आम्हालाही वाटत नाही. तसले रकाने काढून टाका, बाकीचा तक्ता द्या. मंडळवार उत्पन्न, पाऊस, गावनिहाय लाभार्थी संख्या आणि रकमा यांत खासगी काही नाही. आणि आपल्या स्वतःच्या ओळीत काय भरले आहे ते पाहण्याचा हक्क तर प्रत्येकाचा आहेच.

बैठकीने काय ठरवावे

दुसऱ्याला शिकवण्यापूर्वी आपले घर सारवून घ्यावे. सहा तालुक्यांतून आपल्याकडे येणारे तक्ते सहा तऱ्हेचे असतील तर त्यांची जोडणी करता करता हंगाम निघून जातो. म्हणून बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत.

एक. सर्व तालुक्यांसाठी एकच तक्ता असावा. रकान्यांची नावे आणि क्रम या बैठकीत ठरावा. मग कोणी मध्ये रकाना घालू नये, काढू नये.

दोन. गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल, गावाचा संकेतांक हे रकाने माहिती भरण्यापूर्वीच अक्षरांचे करावेत. एक्सेलमध्ये रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा, एवढेच काम आहे. मोबाइलवरच्या तक्त्यातही ही सोय असते.

तीन. क्षेत्र, उत्पन्न, रक्कम यांच्या रकान्यात नुसता आकडा. एकक वर मथळ्यात लिहावे: 'क्षेत्र, हेक्टर', 'उत्पन्न, क्विंटल', 'रक्कम, रुपये'. रकमेत स्वल्पविराम नको. शेरा लिहायचा तर शेवटी वेगळा रकाना.

चार. माहिती नसेल तिथे जागा कोरी सोडावी, शून्य लिहू नये. काही पिकले नाही आणि कोणी विचारले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाच. आलेली सीएसव्ही फाइल नुसते दोनदा टिचकी मारून उघडू नये. तशी उघडली की प्रोग्राम पुन्हा अंदाज करतो आणि साठवताना बिघडलेलेच साठवतो. 'डेटा' या यादीतून फाइल आत घ्यावी आणि वर सांगितलेले रकाने अक्षरांचे म्हणून निवडावेत. मूळ फाइलला हात न लावता तिची नक्कल करून काम करावे.

सहा. आधार क्रमांक संघटनेच्या कोणत्याही तक्त्यात घेऊ नये.

सात. तक्ता पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पडताळाव्यात. ओळी जितक्या भरल्या तितक्याच आहेत का, क्षेत्राची बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळते का, आणि गट क्रमांकाच्या रकान्यात एखादा महिना तर शिरला नाही ना.

आठ. प्रत्येक तालुक्याने दोन जण नेमावेत, त्यांत एक मुलगी असावी. खरीप पेरणीपूर्वी मालेगावात त्यांचे एका दिवसाचे शिबिर घ्यावे. येताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या दहा घरांचा मागच्या हंगामाचा खर्च वहीत लिहून आणावा आणि तिथेच तक्ता भरावा.

नऊ. जिल्हाधिकारी, जिल्हा कृषी अधीक्षक आणि जिल्ह्यातल्या बँका यांना संघटनेच्या वतीने एकच पत्र जावे. मागच्या सात वर्षांचे मंडळवार पीक कापणी उत्पन्न, रोजचा पाऊस आणि गावनिहाय विमा भरपाई तक्त्याच्या फाइलमध्ये मिळावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर सहाही तालुक्यांतून एकाच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत.

ठराव मंजूर झाला तर पत्राचा मसुदा तयार आहे. सही करायला तालुकाध्यक्षांनी बैठक संपल्यावर थांबावे.